मार्करच्या वाट्याचा धूर

पूल पार्लरमधल्या धुराची गोष्ट टेबलाच्या वजनापासून सुरू करावी लागते. हिरव्या कापडाखाली लाकडाची फळी असेल असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तिथे पाटीच्या दगडाची, म्हणजे स्लेटची, लादी असते. नऊ फुटी पूल टेबलात अशा तीन लाद्या जोडलेल्या असतात, बारा फुटी स्नूकरच्या टेबलात पाच. पूलचं टेबल साडेचारशे-पाचशे किलोच्या घरात जातं, स्नूकरचं टनाच्याही वर. शिवाय क्यू, म्हणजे खेळायची काठी, मागे खेचायला चारी बाजूंना मोकळी जागा हवी, म्हणजे एका नऊ फुटी टेबलाला अठरा बाय चौदा फुटांची तरी खोली लागते. एवढं वजन जुन्या वाड्याच्या माडीवर, लाकडी तुळयांवर चढवायची कोणाची छाती होत नाही. एवढी जागा रस्त्याच्या तोंडाशी घ्यावी तर भाडं परवडत नाही. उरतं तळघर, नाहीतर एखाद्या सिमेंटच्या इमारतीतला मागच्या अंगाचा हॉल.

ग्वाल्हेरच्या नई सडकेसारख्या रस्त्यावर हे गणित चटकन कळतं. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून 1810 च्या सुमारास वाढत गेलेला हा ग्वाल्हेरचा लष्कर भाग. महाराज बाडा, सराफा, दौलतगंज, नई सडक, सगळीकडे दुकानाला दुकान चिकटलेलं. रस्त्याकडची जागा कापडवाल्याची, सराफाची, औषधवाल्याची. ज्या धंद्यात गिऱ्हाईक तासाच्या हिशोबाने पैसे देतं आणि दोन तास हलत नाही, त्याला अशा बाजारात जिना उतरून किंवा चढून जायचीच जागा मिळते.

तिथे खिडकी असलीच तरी ती झाकलेली असते. त्याला कारण आहे. उन्हाची तिरीप कापडावर पडली की बॉलची कड नीट दिसत नाही, आणि कड दिसली नाही तर नेम कशावर धरायचा? धूळ आली तर कापडावर बसते. टेबलाचं कापड बहुतेक लोकरीचं किंवा लोकर-नायलॉनचं. ते हवेतला ओलावा पितं आणि मग बॉल जड धावतो. ग्वाल्हेरचा मे-जूनचा उन्हाळा सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घरोघरी वाळ्याचा किंवा गवताच्या जाळीचा कूलर घोंघावत असतो, पण पार्लरमध्ये तो कापडाला सोसत नाही. म्हणून एसी बसतो. आणि इथेच खरी मेख आहे. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे आतली हवा कुठूनतरी बाहेर जावीच लागते. स्प्लिट एसी बाहेरून जराही हवा घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. त्याची जाळी केस, धूळ, कापडाचा भुसा अडवते. तंबाखूच्या धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, ते जाळीतून आरपार जातात. कापड सांभाळायच्या नादात मालक नकळत धूर सांभाळणारी खोली बांधून बसतो.

किती धूर? साधा हिशोब करून पाहू. 26 बाय 20 फुटांचा, 10 फूट उंचीचा हॉल घेऊ. दोन टेबलं त्यात दाटीवाटीने बसतात. हॉलमध्ये सुमारे 147 घनमीटर हवा मावते. एक सिगारेट जळून संपेपर्यंत साधारण 10 मिलिग्रॅम सूक्ष्म कण, म्हणजे ज्यांना आता वर्तमानपत्रं वाचणारे सगळेच पीएम 2.5 म्हणून ओळखतात ते, हवेत सोडते. दारं बंद धरली तर एका सिगारेटीने त्या हॉलच्या दर घनमीटर हवेत 68 मायक्रोग्रॅमची भर पडते. भारताने 24 तासांच्या सरासरीसाठी ठरवलेली मर्यादा 60 आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. दिवसभराच्या सरासरीशी एका वेळच्या भरीची तुलना काटेकोर नाही हे मान्य. पण तासाभरात पाच-सहा जणांनी एकेक ओढली तर आकडा कुठे जाईल याचा अंदाज यायला तेवढं पुरे. मे 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शहरांच्या हवेची यादी काढली, तेव्हा पीएम 2.5 च्या वार्षिक सरासरीत इराणमधल्या झाबोलनंतर जगात दुसरा क्रमांक ग्वाल्हेरचा होता, 176. त्या बातमीने शहराची मान खाली गेली होती. तीन-चार सिगारेटी आणि बंद दार एवढ्यावर कोणतंही पार्लर तो आकडा गाठतं, आणि त्याची बातमी होत नाही.

हा धूर डोळ्यांना मात्र देखणा दिसतो. टेबलावर लोंबणारा झाकणाचा दिवा, भोवती अंधार आणि त्या प्रकाशाच्या तिकोन्यात तरंगणारी निळसर वलयं. पॉल न्यूमनच्या 1961 सालच्या ‘द हसलर’पासून हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या अड्ड्यापर्यंत कॅमेऱ्याने याच दृश्याचा फायदा उचलला. त्यामागचं विज्ञान असं. सिगारेटच्या जळत्या टोकाकडून सरळ उठणारा धूर निळा दिसतो, कारण त्यातले कण फार बारीक असतात आणि बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. ओढणाऱ्याने छातीत घेऊन सोडलेला धूर मात्र पांढरट राखाडी दिसतो. फुप्फुसातल्या ओलाव्याने कण फुगलेले असतात, ते सगळेच रंग सारखे विखुरतात. एकाच माणसाच्या हातातून आणि तोंडातून दोन रंगांचे धूर निघताना बघायचे असतील तर पूल टेबलाच्या दिव्याइतकी सोयीची जागा नाही. यातला निळा जास्त वाईट. तो ओढणाऱ्याच्या छातीतून गाळला गेलेला नसतो, कमी तापमानाला अर्धवट जळालेला असतो, आणि खोलीतल्या धुरात मोठा वाटा त्याचाच असतो. खेळाडूने सिगारेट नुसती रेलवर ठेवून शॉट घेतला तरी तो चालूच राहतो.

रेल म्हणजे टेबलाची लाकडी कड. जुनं टेबल कुठे दिसलं तर ही कड जवळून पाहा. पॉलिशवर बोटाच्या पेराएवढे लांबट, तपकिरी-काळे डाग असतात, बहुतेक पॉकेटच्या जवळ किंवा ब्रेक करायच्या बाजूला. पाळी आली, हातातली सिगारेट कडेवर टेकवली, एक बॉल गेला, दुसरा गेला, खेळ रंगात आला आणि सिगारेट विसरली. ती जळत जळत लाकडापर्यंत आली. त्या डागांवरून कोणत्या बाजूला जास्त खेळ होतो हेही सांगता येईल. कापडावर निखारा पडला तर वाटाण्याएवढं भोक पडतं, तिथून बॉल वाकडा जातो, आणि कापड बदलायचं म्हणजे मालकाला हजारोंचा फटका.

आता खेळाकडे वळू. बॅडमिंटन किंवा कबड्डी खेळताना कोणी सिगारेट ओढत नाही, श्वासच पुरत नाही. पूलमध्ये श्वास लागत नाही आणि अर्धा वेळ आपली पाळी नसते. समोरचा पॉट करत, म्हणजे बॉल पॉकेटात घालत, सुटला की आपण खुर्चीत; हात मोकळे, डोकं गरम. तो चुकेपर्यंत करायचं काय? मेंदू अशा ठरावीक रिकाम्या जागा फार लवकर ओळखतो. चार-सहा महिने पाळीची वाट पाहताना सिगारेट ओढली की नंतर नुसती वाट पाहणंच तलफ जागी करतं. कोपऱ्यावरच्या गुमटीत सुटी सिगारेट मिळते, त्यामुळे पाकीट घ्यायचाही विचार करावा लागत नाही. एक फ्रेम (म्हणजे एक डाव), एक सिगारेट असा हिशोब आपोआप बसतो. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली ती याच वाटेवर बांध घालायला. टपऱ्यांवर ती किती पाळली जाते हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

‘एक कश मारला की हात स्थिर होतो,’ हे वाक्य पार्लरमध्ये हमखास ऐकू येतं. ते खोटं आहे असं म्हणता येत नाही, आणि तरीही ते चूक आहे. धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं, आणि सवय असलेल्या माणसाला ते उतरताना चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं असा त्रास सुरू होतो. पुढची सिगारेट हा त्रास थांबवते, त्यालाच तो ‘शांत वाटलं’ म्हणतो. ज्याने कधी ओढलीच नाही त्याच्याकडे ती शांतता आधीपासून असते. उलट निकोटिनने नाडीचे ठोके मिनिटाला दहा-पंधराने वाढतात, रक्तदाब चढतो आणि बोटांची बारीक थरथरही वाढते. थरथर किती महाग पडते पाहा. दीड मीटर लांबच्या बॉलवर नेम धरताना क्यूची दिशा अर्ध्या अंशाने हलली तर पांढरा बॉल 13 मिलिमीटर बाजूला पोचतो. पूलचा बॉल 57 मिलिमीटर व्यासाचा. त्यावर 13 मिलिमीटरची चूक म्हणजे पॉट गेलाच.

याचा उलटा पुरावा उत्तेजकांच्या नियमांत सापडतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत बीटा-ब्लॉकर हा औषधांचा गट सगळ्या खेळांना बंद नाही. तिरंदाजी, नेमबाजी, डार्ट्स, गोल्फ अशा मोजक्या खेळांत स्पर्धेच्या वेळी बंद आहे, आणि त्यांत बिलियर्ड्सचे सगळे प्रकार येतात. ही औषधं हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताची थरथर कमी करतात. ठोके मंदावणं हा या खेळात गैरफायदा ठरतो, इतका तो मोलाचा. मग पदरचे पैसे खर्चून ठोके वाढवून घेणाऱ्याला काय म्हणावं? निकोटिनवर बंदी नाही, 2012 पासून ते फक्त निरीक्षणाच्या यादीत आहे.

खेळ आणि धूर यांची सोयरीक जुळली कशी, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे आणि त्याचा बराचसा भाग मध्य प्रदेशात घडलेला आहे. स्नूकरचा जन्म 1875 च्या पावसाळ्यात जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर चालणाऱ्या पैजेच्या खेळांत आणखी रंगीत बॉल मिसळले आणि नवा खेळ उभा राहिला. (हा चेंबरलेन वेगळा, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो वेगळा. ही गल्लत भले भले करतात.) पाऊस कोसळतोय, बाहेर जाता येत नाही, मेसमध्ये अधिकारी, दारू आणि सिगार. खेळाला हे वातावरण बाळकडूबरोबर मिळालं. इंग्लंडातही तेव्हा मोठ्या घरांत बायकांच्या दिवाणखान्यात धूम्रपान चालत नसे. पुरुषांनी जेवण झाल्यावर बिलियर्डच्या खोलीत किंवा शेजारच्या धूम्रपानाच्या खोलीत जावं, असा रिवाज होता. पुरुषांचा अड्डा, बंद खोली, दिवा, धूर हा साचा तिथून आला. नई सडकेवरच्या तळघराने तो घेतला तेव्हा त्यातला सिगार गेला आणि सिगारेट आली, एवढाच फरक.

ग्वाल्हेरचा जयविलास महाल 1874 चा, म्हणजे स्नूकरपेक्षा एका वर्षाने मोठा. इंग्लंडच्या युवराजाच्या, पुढच्या सातव्या एडवर्डच्या, स्वागताची तयारी त्यामागे होती. 1876 च्या सुरुवातीला तो ग्वाल्हेरला आलाही. स्वतः तो सिगार-सिगारेटचा मोठा शौकीन. त्याच महालाच्या जेवणघरात चांदीची आगगाडी आहे, आणि ग्वाल्हेरला पाहुणा आला की त्याला ती दाखवायला नेल्याशिवाय आपण राहत नाही. जेवण झालं की ती लांबलचक मेजावरच्या रुळांवरून पाहुण्यांसमोर फिरे. डब्यांत ब्रँडी आणि सिगार. आपण सगळे ती पाहताना चांदी पाहतो. ती गाडी ओढत काय होती, याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

बॉलची कथा आणखी मजेदार. पूर्वी बॉल हस्तिदंताचे असत. हत्ती कमी पडू लागले तेव्हा 1860 च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका बिलियर्ड कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला 10,000 डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. जॉन वेस्ली हयात नावाच्या छपाई कामगाराने त्या नादात जे शोधलं ते सेल्युलॉइड, आपल्या प्लॅस्टिकच्या युगाचं एक मूळ. त्याचे सुरुवातीचे बॉल सेल्युलॉइडसारख्याच ज्वालाग्राही पदार्थाचा लेप दिलेले होते. पेटता सिगार टेकला तर बॉल भडकायचा आणि दोन बॉल जोरात आपटले तर कधी कधी लहान बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा, असं हयातनेच पुढे सांगितलं. कोलोराडोतल्या एका बिलियर्डच्या गुत्त्याच्या मालकाने त्याला कळवलं होतं की मला आवाजाचं काही नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल उपसतो! आजचे बॉल फिनॉलिक रेझिनचे असतात, सिगारेटने पेटत नाहीत. म्हणजे पूलच्या खोलीत धुराला घाबरण्याचं एकमेव तातडीचं कारणही विज्ञानाने काढून घेतलं.

विसाव्या शतकात धुराला प्रायोजक मिळाला. स्नूकरच्या जागतिक स्पर्धेला 1976 ते 2005 अशी तीस वर्षं ‘एम्बसी’ या सिगारेटचं नाव होतं, मास्टर्स स्पर्धेला 1975 पासून 2003 पर्यंत ‘बेन्सन अँड हेजेस’चं. टीव्हीवर खेळाडू खुर्चीत बसून धूर सोडताना दिसत. त्यांतला सगळ्यांत लाडका ॲलेक्स हिगिन्स, 1972 आणि 1982 चा जगज्जेता. बोटांत सिगारेट नसलेला त्याचा फोटो शोधावा लागतो. 1998 मध्ये त्याला घशाचा कर्करोग निघाला. 2010 च्या जुलैत, 61 व्या वर्षी तो बेलफास्टमध्ये वारला, तेव्हा त्याचं शरीर काडीसारखं झालं होतं. आपल्याकडे हाच खेळ क्रिकेटवर खेळला गेला. 1996 चा विश्वचषक ‘विल्स’च्या नावाचा होता, आणि त्यातला भारत-वेस्ट इंडिज सामना 21 फेब्रुवारीला ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर झाला. सचिनच्या 70 धावा लष्करातल्या माणसांना अजून आठवतात. त्या स्पर्धेवर सिगारेटचं नाव होतं हे आठवत नाही, आणि जाहिरातदाराला हवं असतं तेच: नाव लक्षात न येता ओळखीचं व्हावं.

बिलियर्ड्समधला भारताचा पहिला जगज्जेता विल्सन जोन्स हा पुण्यात जन्मलेला. 1958 मध्ये कोलकात्यात त्याने जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. पंकज अडवाणीही 1985 साली पुण्यातच जन्मला. इंदूरची अमी कमानी स्नूकरची राष्ट्रीय विजेती ठरलेली. या खेळात नाव काढायला धुराची गरज नाही, एवढ्यासाठी ही नावं घेतली. अमीसारखी एखादी मुलगी नई सडकेवर तयार व्हायची असेल तर तिच्या आईवडिलांनी तिला त्या जिन्यावरून आत सोडलं पाहिजे. आणि जिन्यावरच धुराचा वास आला की बहुतेक आईवडील मागे फिरतात. त्यात त्यांची काही चूक नाही.

कायद्याकडे येऊ. मुंबईचे राजकारणी मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2 नोव्हेंबर 2001 ला न्यायालयाने रुग्णालयं, शाळा, ग्रंथालयं, कचेऱ्या, सार्वजनिक वाहनं अशा जागी धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. मग 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आला. त्यातल्या सार्वजनिक जागांच्या व्याख्येत करमणूक केंद्रं स्पष्ट शब्दांत आहेत. म्हणजे ‘हे तर खाजगी पार्लर आहे’ हा युक्तिवाद पहिल्या दिवसापासून फोल होता. 2 ऑक्टोबर 2008 पासून नियम आणखी कडक झाले. दारावर 60 बाय 30 सेंटीमीटरची पाटी हवी. ॲशट्रे, काड्यापेटी, लायटर ठेवायचाच नाही. धूम्रपानासाठी वेगळी बंद खोली करायची मुभा फक्त विमानतळांना, किमान 30 खोल्यांच्या हॉटेलांना आणि किमान 30 जणांच्या बैठकीच्या उपाहारगृहांना. पूल पार्लर त्यात कुठेच बसत नाही. गंमत म्हणजे ओढणाऱ्याला दंड आहे जास्तीत जास्त 200 रुपये. 2003 साली 200 रुपयांना वजन होतं. आज दोन माणसांच्या चहा-नाश्त्यात तेवढे उडतात.

अठरा वर्षांखालच्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती पार्लरमालकांनी नीट वाचावी. शाळा-कॉलेज बुडवून येणारी पोरं हे या धंद्याचं दुपारचं गिऱ्हाईक. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 प्रमाणे मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. काउंटरवरून दहावीतल्या पोराला सुटी सिगारेट काढून देणारा माणूस 200 रुपयांच्या कायद्यात बसलेला नाही. ‘सिगारेट नाही, व्हेप आहे’ हेही चालायचं नाही; ई-सिगारेटची विक्री, साठा, जाहिरात सगळंच देशात 2019 पासून बंद आहे.

मालकांचं म्हणणं एकच असतं: बंद केलं तर गिऱ्हाईक जाईल. इंग्लंडमध्ये 1 जुलै 2007 ला बंदी आली तेव्हा स्नूकर क्लबवाल्यांनीही हीच ओरड केली होती आणि काही क्लब खरोखरच बसले, हे लपवायचं कारण नाही. पण आपल्याकडचे आकडे पाहा. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार मध्य प्रदेशात प्रौढांपैकी 34.2 टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, पण धूम्रपान करणारे फक्त 10.2 टक्के. बाकीचे तोंडात ठेवणारे. (गुटख्यावर देशात पहिली बंदी मध्य प्रदेशानेच घातली, 1 एप्रिल 2012 ला, जिन्याच्या कोपऱ्यातले लाल फराटे पाहिले की त्या बंदीचं पुढे काय झालं ते समजतं.) महाराष्ट्रात धूम्रपान करणारे तर 3.8 टक्केच. एका धूम्रपानवाल्याला सांभाळताना आपण न येणारे किती गमावतो, हा हिशोब मालक कधीच मांडत नाही, कारण न येणारा माणूस गल्ल्यावर दिसत नाही.

‘एक्झॉस्ट लावलाय’ हे दुसरं उत्तर. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2006 च्या अहवालात म्हटलं आहे की दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, आणि पंखे लावून, हवा गाळून धोका संपवता येत नाही. एक्झॉस्टने वास कमी होतो, एवढंच. शिवाय धुराचा काही भाग भिंतीला, गादीला, टेबलाच्या लोकरी कापडाला चिकटून राहतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेने 2010 मध्ये दाखवलं की असं चिकटलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार करतं. नेम धरताना खेळाडूची हनुवटी क्यूला टेकलेली असते आणि नाक कापडापासून हातभर अंतरावर.

खेळाडू दोन तासांनी घरी जातो. मार्कर जात नाही. मार्कर म्हणजे बॉल रॅकमध्ये लावणारा, वेळ टिपणारा, फाउलचा निवाडा करणारा, कापडावरून ब्रश फिरवणारा, आणि ॲशट्रे रिकामे करणारा माणूस. सकाळी अकराला पार्लर उघडल्यापासून रात्री कुलूप लागेपर्यंत तो त्याच हवेत. पुष्कळदा तो स्वतः ओढतही नाही. त्याच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड मात्र दुसऱ्यांच्या सिगारेटींचा असतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून घट्ट चिकटतो, म्हणूनच संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. ‘एसीची हवा सोसत नाही’ असं म्हणून तो एक गोळी घेतो.

अशा माणसांचं काय होतं याचा एक नेमका अभ्यास आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 1998 पासून बारमध्ये धूम्रपान बंद झालं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 53 बारटेंडरांची बंदीच्या आधी आणि नंतर तपासणी केली गेली. आधी त्यांतल्या 39 जणांना खोकला, धाप, छातीत घरघर अशा तक्रारी होत्या. बंदीनंतर दोन महिन्यांच्या आसपास त्या 39 पैकी 23 जणांच्या तक्रारी राहिल्याच नाहीत, आणि फुप्फुसांची ताकदही मोजण्याइतकी वाढली. औषध नाही, व्यायाम नाही, नोकरीही तीच. फक्त इतरांनी ओढणं थांबवलं. धुराच्या बाबतीत इतका स्वस्त आणि इतका लवकर लागू पडणारा उपाय दुसरा नाही. म्हणून मला हा प्रश्न खेळाडूंच्या सवयीचा वाटतच नाही, तो मार्करच्या नोकरीच्या जागेचा वाटतो. खेळाडूला व्यसन सोडायला वर्षं लागोत, मार्करसाठी तेवढं थांबायची गरज नाही.

नई सडकेवर पार्लर चालवणाऱ्याने आजच करण्यासारखं असं: टेबलाजवळचे ॲशट्रे उचलावेत, काउंटरवरची सिगारेट बंद करावी, दाराला पाटी लावावी, आणि ओढणाऱ्याला फ्रेम संपल्यावर जिना चढून किंवा उतरून बाहेर मोकळ्यावर जाऊ द्यावं. कायद्यात मोकळी जागा सार्वजनिक जागेत धरलेलीच नाही, त्यामुळे त्याची अडचणही होत नाही. खेळायला जाणाऱ्याने टेबलाचे पैसे देण्याआधी एवढंच विचारावं की आत सिगारेट चालते का. चालत असेल तर पुढच्या पार्लरमध्ये जावं आणि का चाललो ते काउंटरवर सांगून जावं. आणि ज्याला स्वतःलाच सोडायची आहे त्याने हातातलं पाकीट उलटं करून पाहावं. 2018 च्या सप्टेंबरपासून त्यावर 1800-11-2356 हा क्रमांक छापलेला असतो. फोन फुकट आहे आणि पलीकडे सल्ला देणारं माणूस असतं.